एक्स्पोर्टचे बटण दाबण्यापूर्वी : चित्र राखण्याचा आणि टाकून देण्याचा इतिहास

१/
आजचा धागा गडकोटांचा नाही, तहनाम्यांचाही नाही. आपल्यापैकी अनेकजण आता इतिहासावर चित्रफिती करतात. संकलन पुरे झाले की सॉफ्टवेअरमध्ये शेवटची एक खिडकी उघडते : रेझोल्यूशन, फ्रेम रेट, कोडेक, बिटरेट. बहुतेकजण ‘हाय क्वालिटी’ निवडतात आणि चहा प्यायला उठतात. त्या खिडकीतील बहुतेक रकान्यांमागे कित्येक दशकांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासात कायमच्या गमावलेल्या काही गोष्टी आहेत. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध गोष्टीपासून आरंभ करू.

२/
२१ जुलै १९६९, भारतीय वेळेनुसार सकाळचे सुमारे साडेआठ. नील आर्मस्ट्राँग चंद्रावर पाऊल ठेवत होते. आपल्याकडे तेव्हा दूरचित्रवाणी दिल्लीपुरतीच होती. मुंबई केंद्र सुरू व्हायला २ ऑक्टोबर १९७२ उजाडायचा होता. महाराष्ट्राने हा क्षण रेडिओवर ऐकला आणि वृत्तपत्रांत वाचला. जगभरात मात्र अंदाजे ६० कोटी लोकांनी तो पडद्यावर पाहिला. धूसर, भुताटकीसारखे हलणारे ते चित्र आपण सर्वांनी पुढे कधी ना कधी पाहिलेले आहे.

३/
चंद्रावरून निघालेले चित्र इतके धूसर नव्हते.
यानाच्या संदेशवहनात चित्राच्या वाट्याला फार थोडी जागा आली होती. म्हणून तेथील कॅमेरा सेकंदाला १० फ्रेम, आणि प्रत्येक फ्रेममध्ये ३२० रेषा, अशा खास पद्धतीने चित्र पाठवत असे. अमेरिकेतील घरोघरच्या संचांना मात्र सेकंदाला ३० फ्रेम आणि ५२५ रेषा लागत. मग पृथ्वीवरील केंद्रांत रूपांतर करावे लागले. ते कसे? आलेले चित्र एका लहान पडद्यावर उमटवायचे, त्या पडद्यासमोर दुसरा कॅमेरा रोखायचा, आणि तीच फ्रेम पुन्हा पुन्हा दाखवून वेगातील तूट भरून काढायची. पडद्याचे चित्रीकरण करून दाखवण्याचा हा प्रकार होता. उजेड-अंधारातील बारकावे तिथेच गळाले.

४/
ऑस्ट्रेलियातील हनीसकल क्रीक आणि पार्क्स येथील केंद्रांवर जे तंत्रज्ञ होते, त्यांनी रूपांतरापूर्वीचे मूळ चित्र पाहिले. ते कितीतरी स्पष्ट होते. हनीसकल क्रीकमधील एकाने तर घरगुती सुपर ८ कॅमेऱ्याने समोरच्या पडद्याचे चित्रण करून ठेवले. मूळ संदेश दूरमापनाच्या टेपांवर नोंदवला जात होता, त्यामुळे चिंता करण्याचे कारण कोणालाच दिसले नाही.
पुढे नासाला नव्या मोहिमांसाठी टेपांचा तुटवडा पडला. जुन्या टेपा पुसून पुन्हा वापरण्यात आल्या. अनेक वर्षांच्या शोधानंतर २००९ मध्ये नासाने जाहीर केले की अपोलो ११ च्या त्या टेपाही बहुधा अशाच पुसल्या गेल्या असाव्यात. मग प्रक्षेपणाच्या ज्या प्रती ठिकठिकाणी उरल्या होत्या, त्यांतील चांगल्यात चांगल्या गोळा करून संगणकावर उजळण्यात आल्या.
आजच्या भाषेत सांगायचे तर प्रोजेक्ट गेला, अपलोड केलेली प्रत तेवढी राहिली.

५/
नासाला दोष देण्याआधी त्या काळातील टेपेची किंमत लक्षात घ्यावी लागते.
१९५६ पूर्वी दूरचित्रवाणीचे चित्र साठवण्याचा व्यवहार्य उपाय एकच होता : पडद्यासमोर फिल्मचा कॅमेरा उभा करणे. १४ एप्रिल १९५६ रोजी शिकागोत अॅम्पेक्स कंपनीने पहिले व्यवहार्य व्हिडिओ टेप यंत्र दाखवले. चार्ल्स गिन्सबर्ग हे त्या गटाचे प्रमुख, आणि गटात रे डॉल्बी नावाचा एक तरुण. (होय, ध्वनीमुळे पुढे घराघरांत पोचलेले तेच डॉल्बी.) टेप दोन इंच रुंद, यंत्र कपाटाएवढे, किंमत ५० हजार डॉलरच्या घरात.

६/
या टेपेचे संकलन कसे करत असतील? अक्षरशः ब्लेडने कापून.
फिल्मची पट्टी उजेडासमोर धरली की चित्र दिसते. टेपेवर काहीच दिसत नाही. म्हणून लोखंडाच्या अतिसूक्ष्म कणांचे द्रव टेपेला लावत, चुंबकीय रेघा उमटल्या की सूक्ष्मदर्शकातून पाहून दोन फ्रेमच्या नेमक्या मधोमध काप घेत, आणि टोके चिकटपट्टीने जोडत. काप किंचित चुकला तर त्या जागी चित्र उसळे. शिवाय कापलेली टेप पुन्हा वापरायला कुचकामी. महाग वस्तू कोण कापणार? त्यामुळे न कापता एका टेपेवरून दुसऱ्या टेपेवर हवा तो भाग उतरवून संकलन करण्याची रीत रुळली. तिच्यात नवी अडचण होती : प्रतीची प्रत, तिची प्रत, असे करत गेले की प्रत्येक पिढीला चित्र थोडे फिके आणि थोडे खरखरीत होई. ज्यांनी कॅसेटवरून कॅसेट उतरवून चित्रपट पाहिले, त्यांच्या घरी हा अनुभव ताजा असेल. वडिलधाऱ्यांना विचारून पाहा.

७/
टेप महाग, आणि पुसता येण्याजोगी. या दोन गुणांनी मोठा घात केला. ब्रिटनच्या बीबीसीने १९६० आणि १९७० च्या दशकांत हजारो कार्यक्रम पुसले. ‘डॉक्टर हू’ या लोकप्रिय मालिकेचे नव्वदहून अधिक भाग आजही बेपत्ता आहेत.
तरीही काही भाग परत मिळाले, आणि ते मिळाले कशामुळे? परदेशांना विकण्यासाठी बीबीसी या कार्यक्रमांच्या फिल्म प्रती काढत असे. २०१३ मध्ये नायजेरियातील जोस शहरातल्या एका प्रक्षेपण केंद्रात या मालिकेचे नऊ हरवलेले भाग सापडल्याचे जाहीर झाले. लंडनमध्ये मूळ टेपा पुसल्या गेल्या. निर्यात झालेली प्रत आफ्रिकेत धूळ खात टिकून राहिली. ‘एक्स्पोर्ट’ या शब्दाचा इतका शब्दशः उपकार इतिहासावर क्वचितच झाला असेल.

८/
१९७१ मध्ये सीबीएस आणि मेमोरेक्स यांच्या संयुक्त कंपनीने ‘सीएमएक्स ६००’ हे संगणकावर चालणारे संकलन यंत्र आणले. चकत्यांवर साठवलेले चित्र काळे-पांढरे आणि हलक्या प्रतीचे असे. पण त्यामागची कल्पना अतिशय शहाणपणाची होती. हलक्या प्रतीवर फक्त निर्णय घ्यायचे : कुठून कुठपर्यंत, कोणत्या क्रमाने. त्या निर्णयांची यादी तयार करायची, आणि यादीनुसार शेवटचे काम मूळ टेपांवरून करायचे. आज आपण सॉफ्टवेअरमध्ये ‘प्रॉक्सी’ वापरतो ती याच घराण्यातली. संकलन करताना चित्र पुसट दिसले म्हणून घाबरू नये. एक्स्पोर्टच्या वेळी सॉफ्टवेअर मूळ फाइलीकडे परत जाते. ती फाइल त्या जागी असली पाहिजे, एवढीच अट.

९/
फिल्मच्या जगाला ही अट आधीपासून पाठ होती. १९१३ मध्ये दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात लागला, तेव्हा पडद्यावर फिरत होती ती प्रिंट. प्रिंट झिजते, तुटते. निगेटिव्ह जपलेली असेल तर दुसरी काढता येते. निगेटिव्ह आणि प्रिंटा दोन्ही गेल्या की काय होते, त्याचे उत्तर म्हणजे ‘आलम आरा’ (१९३१). भारताच्या या पहिल्या बोलपटाची एकही प्रत आज ज्ञात नाही.

१०/
निगेटिव्हचे मोल दाखवणारे दुसरे उदाहरण अमेरिकेतले. ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ ही मालिका (१९८७ ते १९९४) ३५ मिमी फिल्मवर चित्रित झाली, पण संकलन आणि विशेष दृश्ये सारी व्हिडिओ टेपेवर पुरी केली गेली. म्हणजे तयार भाग त्या काळच्या टीव्हीच्या मापातच अडकले. पंचवीस वर्षांनी ब्ल्यू-रे आवृत्तीसाठी काय केले? फिल्मच्या पेट्या बाहेर काढल्या, जुना कार्यक्रम समोर ठेवून प्रत्येक तुकडा पुन्हा शोधला, स्कॅन केला, आणि सगळी मालिका काप-न-काप नव्याने जुळवली. २०१२ ते २०१४ ही वर्षे त्यात गेली. हा खर्च इतका होता की त्यानंतरची ‘डीप स्पेस नाइन’ अद्याप जुन्याच मापात आहे. तिची फिल्मही आहे. पैसे घालणारा नाही.

११/
आता संगणकाकडे येऊ, आणि थोडे गणित करू.
पूर्ण एचडी चित्र म्हणजे १९२० × १०८० पिक्सेल. प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा, निळा मिळून २४ बिट. सेकंदाला २५ फ्रेम. गुणाकार केला की सेकंदाला सुमारे १२४ कोटी बिट होतात, म्हणजे एका तासाला जवळजवळ ५६० जीबी. याच मापाच्या साध्या चित्रफितीसाठी यूट्यूबने सुचवलेला बिटरेट आहे सेकंदाला ८० लाख बिट.
भागाकार करून पाहा. १५५ भागांतील एक भाग राहतो. १५४ टाकून दिले जातात. तरीही चित्र चांगले दिसते. ही किमया कोणाची?

१२/
नासिर अहमद यांची. जन्म बंगळुरूचा, १९४० चा. तिथेच अभियांत्रिकीची पदवी घेऊन ते अमेरिकेत गेले आणि पुढे कॅन्सस स्टेट विद्यापीठात शिकवू लागले. १९७२ मध्ये त्यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानकडे संशोधनासाठी निधी मागितला. विषय होता चित्रातील माहिती कोसाइन लहरींच्या रूपात मांडण्याचा. प्रस्ताव नाकारला गेला. कल्पना फारच साधी आहे, असे एका परीक्षकाला वाटले होते, हे पुढे अहमद यांनीच लिहून ठेवले आहे.
त्यांनी १९७३ चा उन्हाळा वेतनाविना याच कामात घालवला. सोबत त्यांचे विद्यार्थी टी. नटराजन आणि टेक्सासमधील स्नेही के. आर. राव. जानेवारी १९७४ मध्ये तिघांच्या नावाने चार पानांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. जगातील बहुतेक डिजिटल छायाचित्रे आणि चित्रफिती आज त्या चार पानांवर उभ्या आहेत. आपल्या पाठ्यपुस्तकांत या तिघांची नावे का नसावीत, हे मला अद्याप उमगलेले नाही.

१३/
ती साधी कल्पना अशी. चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे चौकोन पाडा. प्रत्येक चौकोनात ६४ आकडे. हे आकडे म्हणजे काही संथ आणि काही बारीक लहरींची बेरीज आहे, असे समजून पुन्हा लिहा. आकाश, भिंत, गाल अशा ठिकाणी सगळा ऐवज पहिल्या दोन-चार संथ लहरींतच सापडतो. बारीक लहरींचे आकडे इवलेसे निघतात. ते शून्य धरले तरी डोळ्याला फारसे कळत नाही. शून्ये साठवायला जागा लागत नाही.
पण बारीक लहरी म्हणजे नेमके काय? कडा. केस. गवताची पाती. आणि बोरूने लिहिलेल्या मोडी पत्रातील शाईच्या रेघा. आपण इतिहासाची मंडळी कॅमेऱ्यासमोर जे कौतुकाने धरतो, तेच या हिशेबात सर्वांत आधी कापले जाते. बिटरेट कमी ठेवला की अक्षरांभोवती चिलटे घोंगावल्यासारखी जी किरकिर दिसते, ती याच छाटणीची खूण आहे.

१४/
दुसरी काटकसर काळाच्या दिशेने झाली. एका फ्रेममध्ये जे आहे, तेच जवळजवळ पुढच्या फ्रेममध्ये असते. मग एक फ्रेम पूर्ण ठेवा आणि पुढच्यांसाठी फक्त ‘कोण कुठे सरकले’ एवढे लिहा. दोन्ही युक्त्या एकत्र करून १९८८ मध्ये टेलिफोनच्या तारांवरील व्हिडिओ संभाषणासाठी एच.२६१ हे मानक तयार झाले. त्याच वर्षी इटलीचे लिओनार्दो कियारिलियोने आणि जपानचे हिरोशी यासुदा यांच्या पुढाकाराने एमपीईजी ही तज्ज्ञांची समिती स्थापन झाली. तिच्या पहिल्या मानकातून व्हीसीडी आली, दुसऱ्यातून डीव्हीडी. २००३ मध्ये एच.२६४ आले, आणि एक्स्पोर्टच्या खिडकीत आजही बहुधा तेच आधीपासून निवडलेले असते. २०१३ चे एचईव्हीसी आणि २०१८ चे एव्ही१ हे त्याचे वारस. कमी जागेत तेवढेच चित्र देतात, पण संगणकाला घाम फोडतात.

१५/
‘कोण कुठे सरकले’ ही युक्ती मुलाखतीत उत्तम चालते. माणूस बसलेला, मागे पुस्तकांचे कपाट, हलतात ते ओठ. पण आषाढातला राजगड घ्या : पाऊस, धुके, वाऱ्याने डोलणारे गवत. प्रत्येक पिक्सेल बदलतो, आणि कोणताही बदल आधी सांगता येत नाही. वारीतला उधळलेला बुक्का आणि गुलालही तसाच. अशा दृश्याला मुलाखतीएवढाच बिटरेट दिला की सह्याद्रीचा हिरवा लगदा होतो. म्हणून ‘व्हेरिएबल बिटरेट, टू पास’ हा पर्याय असेल तर घ्यावा. सॉफ्टवेअर एकदा सगळी चित्रफीत वाचून कठीण जागा हेरते आणि दुसऱ्या फेरीत तिथे जास्त बिट खर्च करते. वेळ दुप्पट लागतो. लागू द्यावा.

१६/
रंगाचा हिशेब वेगळा. मानवी डोळा उजेडातले फरक बारकाईने टिपतो, रंगातले तितके नाही. फ्रान्सच्या जॉर्ज वालेन्सी यांनी १९३८ मध्येच उजेड आणि रंग वेगवेगळे पाठवण्याची कल्पना मांडली होती. हेतू असा की रंगीत प्रक्षेपण जुन्या काळ्या-पांढऱ्या संचांवरही दिसावे. ती फारकत आजतागायत टिकली. सेटिंगमध्ये ‘४:२:०’ दिसते त्याचा अर्थ : उजेड प्रत्येक पिक्सेलचा, पण रंग चार पिक्सेलना मिळून एक. आपला अर्धा डेटा इथेच जातो. एरवी कळत नाही, पण निळ्या आकाशावर फडकणाऱ्या भगव्याची कड विरघळल्यासारखी दिसली, तर कॅमेऱ्याला दोष देण्यापूर्वी हे आठवा.

१७/
२९.९७ हा चमत्कारिक आकडाही याच काळातला. अमेरिकेने १९५३ मध्ये रंग स्वीकारला, तेव्हा रंगाचा नवा संदेश आणि ध्वनीचा जुना संदेश एकमेकांत मिसळून चित्रावर जाळी उमटू नये म्हणून ३० फ्रेमचा वेग हजारात एका भागाने उतरवला गेला. ते संच भंगारात गेले, आकडा राहिला. भारतात वीज ५० हर्ट्झची, म्हणून आपले प्रक्षेपण २५ फ्रेमचे. जुन्या ट्यूबलाइटच्या उजेडात ३० फ्रेमवर चित्रण केले की चित्र लुकलुकते, त्याचे कारण हेच. ग्रंथालयात चित्रण करताना २५ ठेवून पाहा. ज्या वेगाने चित्रित केले त्याच वेगाने एक्स्पोर्ट करावे. वेग बदलला की सॉफ्टवेअरला फ्रेम गाळाव्या किंवा दुबार घालाव्या लागतात, आणि आपण पुन्हा १९६९ च्या त्या रूपांतर यंत्रापाशी येतो.

१८/
आता एक गैरसमज. ‘मी ४के मध्ये एक्स्पोर्ट केले, म्हणजे क्वालिटी वाढली.’ मूळ चित्रण एचडी असेल तर नवा तपशील कुठून येणार? (यूट्यूब मोठ्या मापाच्या फाइलीला अधिक बिट देते, त्यामुळे तिथे किंचित लाभ दिसतो, ही गोष्ट वेगळी.) शिवाय समाजमाध्यमे आपली फाइल आहे तशी कधीच दाखवत नाहीत, ती पुन्हा दाबली जाते. प्रतीची प्रत. १९६० च्या टेपेवर पिढी उतरत असे तशीच इथेही उतरते. म्हणून अपलोडसाठीची फाइल सुचवलेल्या बिटरेटच्या दुप्पट-तिप्पट दिली तर त्यांच्या दाबण्याला चांगला कच्चा माल मिळतो.
व्यावसायिक संकलक याहून पुढे जातात. अॅव्हिडचे डीएनएक्सएचडी (२००४) आणि अॅपलचे प्रोरेस (२००७) हे कोडेक याच हेतूने घडवले गेले. प्रत्येक फ्रेम स्वतंत्र, रंगाची छाटणी कमी, आणि कितीदा उघडून पुन्हा साठवले तरी चित्र फारसे न ढळणारे. प्रोरेस ४२२ एचक्यूचा बिटरेट २५ फ्रेमच्या एचडीला सुमारे १८४ मेगाबिट. एका तासाला ८३ जीबी.

१९/
ही गोष्ट मला उशिरा कळली.
काही वर्षांपूर्वी संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात सत्याग्रह केलेल्या एका आजोबांची मुलाखत मी मोबाइलवर घेतली. बोलता बोलता त्यांनी ट्रंकेतून एक पिवळा पडलेला कागद काढला आणि कॅमेऱ्यासमोर धरला. अटकेच्या वेळचा. मी म्हणालो, “आजोबा, जरा स्थिर धरा.” त्यांनी दोन्ही हातांनी धरला. ‘पुढच्या वेळी स्कॅनर घेऊन येतो’ असे सांगून मी निघालो. घरी संकलन केले, फाइल लहान हवी म्हणून बिटरेट खाली ओढला, त्यांच्या घरच्यांना व्हॉट्सअॅपवर पाठवली. त्याच आठवड्यात मोबाइल भरला, तेव्हा मूळ चित्रण पुसले. तयार चित्रफीत होतीच की.

२०/
आजोबा पुढच्या पावसाळ्यात गेले. घर आवरताना ट्रंकेतले कागद कुठे गेले, कोणालाच सांगता येत नाही. गेल्या वर्षी त्यांच्या नातीने फोन केला : “दादा, त्या कागदावर तारीख काय आहे, बघून सांगता का?” फाइल उघडली. आजोबांचा चेहरा स्पष्ट दिसतो, आवाज स्वच्छ आहे, दोन्ही हातांची बोटेही दिसतात. कागदावर ८ × ८ चे करडे चौकोन आहेत. त्या सात सेकंदांतील प्रत्येक फ्रेम मी मोठी करून पाहिली. वरचा सरकारी शिक्का ओळखता येतो. तारखेच्या जागी एक डाग आहे.

२१/
तेव्हापासून माझी पद्धत ही. मोबाइलवरचे चित्रण असेल तर त्याचा प्रोरेस मास्टर काढून नवे काही मिळत नाही; कॅमेऱ्यातून निघालेल्या फाइली आहेत तशा, प्रोजेक्टसकट, दोन वेगळ्या हार्डडिस्कवर ठेवतो. रंगांवर काम केलेल्या किंवा अनेक थर जोडलेल्या चित्रफितीचा मात्र प्रोरेस किंवा डीएनएक्समध्ये एक मास्टर काढतो. अपलोडची एच.२६४ प्रत त्या मास्टरवरून, आणि व्हॉट्सअॅपची लहान प्रतही त्याच मास्टरवरून. अपलोडच्या प्रतीवरून कधीच नाही. कागदपत्र दाखवायचे असेल तर त्याचे छायाचित्र तिथल्या तिथे वेगळे काढतो.
आजोबांच्या नातीला मी अजून तारीख कळवलेली नाही. त्या दिवशी त्यांच्या घरी आणखी कोणी चित्रण केले होते का, याची विचारपूस सुरू आहे. त्यांचे एक शेजारी मोबाइल धरून दारात उभे होते, एवढे मला आठवते.